‘पाव’ आणि त्यातले तीन ‘व’

देवाला ‘आता तरी पाव’ म्हणतात, वाण्याकडे पाव किलो रवा मागतात आणि बेकरीतून सकाळी आणतात तोही पावच. उच्चार एक, लेखन एक. त्यामुळे या तिन्हींचा काहीतरी संबंध असणार असं मनात येतं आणि तो संबंध जुळवून देणारे स्पष्टीकरणकारही लगेच भेटतात. एक म्हणतो, बेकरीत पीठ पायानं तुडवतात, हिंदीत पायाला पाँव म्हणतात, म्हणून पाव. दुसरा म्हणतो, मोठ्या रोटीचे चार तुकडे करायचे, चौथा भाग तो पाव. दोन्ही गोष्टी ऐकायला चटपटीत आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. का चुकीच्या, हे ‘व’ या एका अक्षरावरून दाखवता येतं. या तीन शब्दांतले तीन ‘व’ तीन वेगळ्या वाटांनी आलेत.

आधी भागाचा पाव घेऊ, कारण घरचा आणि जुना तोच. संस्कृतात पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चरण चार, म्हणून एका चरणालाही पादच म्हणतात. अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत आठ-आठचे चार पाद. हा ‘चौथा हिस्सा’ अर्थ किती जुना आहे, ते पुरुषसूक्तात दिसतं: ‘पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि’. सगळी भूतं मिळून त्या पुरुषाचा पाव हिस्सा, आणि उरलेला पाऊण हिस्सा अमृतरूपानं द्युलोकात. आज भाजीवाल्याशी बोलताना आपण वापरतो तो हिशेब ऋग्वेदात असा बसला आहे.

पाद चा पाव कसा झाला? वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या प्राकृत भाषांच्या जुन्या व्याकरणात एक सूत्र आहे: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेली ही व्यंजनं बहुधा गळून पडतात. मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात हे इतकं नेमानं झालं की मराठीत त्याची उदाहरणं पावलोपावली मिळतात: मृदु चा मऊ झाला, बदर चं बोर झालं, कदली ची केळ झाली. तसाच पाद मधला ‘द’ गेला आणि उरलं ‘पाअ’. दोन स्वर असे उघडे शेजारी राहिले की जीभ मध्ये काहीतरी घालते, एक तर ‘य’, नाहीतर ‘व’. ‘य’ घातला तो आपला पाय. ‘व’ घातला तो चौथा भाग, पाव. हिंदीनं शरीराच्या अवयवालाच ‘व’ दिला आणि वर अनुनासिक चढवलं, म्हणून पाँव. म्हणजे भागाच्या पाव मधला ‘व’ मुळात कुठल्याच व्यंजनाचा वारस नाही. रिकामी जागा भरायला आलेला आहे तो.

याच कुटुंबातले पाऊण आणि सव्वा पाहण्यासारखे आहेत. पाद + ऊन म्हणजे पावानं कमी: पादोन. त्यातला ‘द’ गेला, पाओन झालं, त्याचं पाऊण. आणि सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. इथं गंमत अशी की स लागल्यामुळे पाद चा ‘प’ दोन स्वरांच्या मध्ये आला. अशा ‘प’ साठी प्राकृतप्रकाशात वेगळं सूत्र आहे, ‘पो वः’: गळाला नाही तर ‘प’ चा ‘व’ होतो. दीप चा दिवा, ताप चा ताव, नापित चा न्हावी, कपाट चं कवाड. त्यामुळे सव्वा मधला ‘व’ हा मूळचा ‘प’ आहे आणि ‘द’ तिथून नाहीसाच झाला आहे. पाव आणि सव्वा एकाच पाद पासून निघाले, दोघांतही ‘व’ दिसतो, तरी हे दोन ‘व’ एक नव्हेत. केवळ दिसण्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगणं किती धोक्याचं आहे, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पाऊण मात्र एकटा असला तर एक अर्थ देतो आणि आकड्याआधी आला की दुसरा वाटतो, म्हणून इंग्रजी माध्यमातली मुलं तिथं हमखास अडखळतात. पाऊण म्हणजे ०.७५ हे पाठ असतं, मग पावणेदोन म्हणजे २.७५ असं लिहिलं जातं. पावणेदोन म्हणजे दोनात पाव कमी, १.७५. पाऊण चाही अर्थ तोच आहे, एकात पाव कमी; फक्त तिथला ‘एक’ बोलत नाहीत. शंभराच्या हिशेबात आणखी एक घोटाळा होतो. पावणेदोनशे म्हणजे दोनशेतून पाव वजा नव्हे. आधी पावणेदोन, मग त्याला शंभरानं गुणायचं, म्हणून १७५. तसेच पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, सव्वादोनशे २२५. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाढ्यांची जुनी रांग पाठ असलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नसे, कारण पाव हा त्याला अपूर्णांक वाटतच नव्हता. तो एक मोजायचा आकडा होता.

वजनात हा पाव सगळ्यात घट्ट रुतला. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमच्या आसपास आणि पावशेर २३३. त्याच्या निम्मं अदपाव किंवा नवटाक, त्याच्याही निम्मं छटाक, ५८ ग्रॅम. धान्याच्या मापात पावशेराच्या जागी चिपटं होतं: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानं किलो आला, शेर गेला. पावशेर मात्र बोलण्यात राहिला आणि त्याचं वजन गुपचूप २५० ग्रॅम झालं. जुन्या हातानं लिहिलेल्या पाककृतीत ‘पावशेर तूप’ असेल तर २३३ ग्रॅमच घ्यावं. सतरा ग्रॅम म्हणजे मोठा चमचाभर तूप जास्त, आणि नानकटाई त्यानं भट्टीत पसरते. नाण्यांत हाच पाव पावली झाला: सोळा आण्यांच्या रुपयाचा चौथा हिस्सा, चार आणे. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा तिचे २५ नवे पैसे झाले आणि २०११ च्या जूनअखेर ते नाणंही चलनातून गेलं.

दुसरा पाव क्रियापदाचा. प्र + आप्, प्राप्नोति, प्राकृतात पावइ, मराठीत पावणे. इथला ‘व’ वर सांगितलेल्या ‘पो वः’ चा, म्हणजे सरळ ‘प’ चा वारस. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. ‘पत्र पावले’, ‘मरण पावला’, ‘प्रसिद्धी पावली’ यांत तो अजून ताजा आहे. पैसे पोचल्याचा कागद म्हणून पावती. आणि पोचपावती या शब्दात तर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, तरी कुणाला खटकत नाही. देवाच्या बाबतीत अर्थ थोडा पुढे सरकला: देव भक्तापर्यंत पोचला, म्हणजे मदतीला आला, म्हणजे प्रसन्न झाला. गणपतीच्या आरतीत ‘संकटी पावावे’ आहे ते याच अर्थानं, संकटात धावून यावं. घरोघरी त्याचं ‘संकष्टी पावावे’ होतं. चतुर्थीशी त्या ओळीचा संबंध नाही. पावणे चा ‘धावून येणे’ हा अर्थ कानाला परका झाला, म्हणून ओळखीचा सण तिथं येऊन बसला.

गावाकडे ‘रामराम पावणं’ म्हणतात तो पावणा यातला नाही. तो प्राघुण पासूनचा, ‘घ’ चा ‘ह’ होऊन पाहुणा आणि मग पावणा. पावसाचंही मूळ निराळं, प्रावृष्. त्यांना इथंच सोडतो, कारण खायचा पाव वाट पाहतोय आणि त्याचा प्रवास सगळ्यात लांबचा आहे.

लॅटिनमध्ये भाकरीला, रोटीला शब्द होता पानिस. इटालियनमध्ये त्याचा पाने झाला, स्पॅनिशमध्ये पान. पोर्तुगीज भाषेची खोड अशी की दोन स्वरांच्या मधला ‘न’ ती गाळते, अगदी आपल्या प्राकृतासारखी. लॅटिन लूना, चंद्र, तिथं लुआ झाला. मानुस, हात, तो मांव. पानेम मधला ‘न’ही असाच गेला, पण जाताना स्वर नाकात सोडून गेला. उच्चार राहिला ‘पांव’, अनुनासिक आणि शेवटी ओठांचा गोल. हा गोल म्हणजेच आपल्या बेकरीच्या पावातला ‘व’. म्हणजे हा तिसरा ‘व’ ना भरतीचा, ना ‘प’ पासून आलेला. तो परक्या जोडस्वराची शेपटी आहे.

एका शब्दावरून असं ठरवता येत नाही, जोड मिळावी लागते. ती मिळते. लिलाव हा शब्द पोर्तुगीज लेलांव पासून आला. हिंदीनं त्याचा नीलाम केला, गुजरातीनं लिलाम, मराठीनं शेपटीचा ‘व’ धरला. ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीजमध्ये क्रिस्तांव. कोकणीत क्रिस्तांव तसाच राहिला, मराठीत किरिस्ताव झाला. तीन शब्द, शेवट एकच, आणि बदलही एकाच रीतीनं. ही नियमितता म्हणजे व्युत्पत्तीचा खरा पुरावा. अर्थाची सुरस गोष्ट नंतर, ध्वनीचा हिशेब आधी.

मराठीत अनुनासिक का राहिलं नाही? मराठीनं ते स्वतःच्या शब्दांतही ठेवलेलं नाही. गांव, नांव, पांच हे आपण नाकातून म्हणणं कधीच सोडलं होतं; १९६२ च्या लेखननियमांनी डोक्यावरचे अनुच्चारित अनुस्वारही काढले. गुजरातीत मात्र पावभाजीच्या पाटीवर आजही ‘पांउ’ असाच अनुस्वारासकट शब्द दिसतो. बंगालीत तो रुटीला जोडून पाउरुटी झाला.

आता त्या दोन लोककथांकडे. पायानं पीठ तुडवणं ही गोष्ट खोटी म्हणायचं कारण नाही. मोठ्या प्रमाणावर घट्ट कणीक मळायला जगात बऱ्याच ठिकाणी पाय वापरले गेलेत. पण पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५३४ साली वसई, तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडी आधीपासून होता. शिवाय ‘पायानं मळलेला म्हणून पाव’ हे हिंदी पाँव घेतल्याशिवाय जुळत नाही, आणि गोव्याच्या पदेराला हिंदी पाँवाशी काय करायचं होतं? पदेर म्हणजे पाव भाजणारा, पोर्तुगीज पादेइरू. तो शब्दही पानिस च्याच घरातला, त्यातलाही ‘न’ तसाच गळलेला.

चौथ्या हिश्श्याच्या कथेला उत्तर भट्टीतच मिळतं. लादीपाव कापून वेगळा करत नाहीत. तो वेगळाच लावतात आणि भाजताना चिकटतो. अर्धा किलो मैदा, ३२० मिलिलिटर कोमट पाणी, ७ ग्रॅम सुकं यीस्ट, २५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम तेल किंवा लोणी. दहा-बारा मिनिटं मळून कणीक ताणली तर न फाटता पातळ पडदा धरेल इतकी आली पाहिजे. लवकर थांबवलं तर पाव फुगतो पण थंड होताना बसतो, कारण वायू धरून ठेवणारं जाळं कच्चं राहिलेलं असतं. तासाभरात दुप्पट झाली की ७४-७५ ग्रॅमचे बारा गोळे होतात. ते नऊ बाय बारा इंचांच्या ट्रेमध्ये तीन बाय चार असे लावायचे, मध्ये बोटभर अंतर. दुसऱ्या फुगवणीत, चाळीसेक मिनिटांत, ते एकमेकांना टेकतात. २०० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. टेकलेल्या कडांना आच थेट लागत नाही, म्हणून त्या पांढऱ्या आणि मऊ राहतात. कवच फक्त वर आणि खाली. गोळे लांब ठेवले तर चारी बाजूंनी कडक होऊन सुटे बन तयार होतात. तेव्हा लादीत सहा असोत की बारा, कुठल्याही एका पावाचं वजन कुठल्याही रोटीच्या चौथ्या भागाशी बांधलेलं नाही.

गोव्यात हे कारखान्याचं यीस्ट नव्हतं. नारळाची ताजी सूर, म्हणजे माडी, घालून कणीक आंबवत. सुरेत झाडावरूनच रानटी यीस्ट येतं आणि ते लगेच कामाला लागतं. म्हणूनच सकाळची सूर लागायची. दिवस उलटला की ती आंबट होते आणि त्या आंबटपणात यीस्ट मंदावतं, पाव जड होतो. सूर काढणारा रेंदेर आणि पाव भाजणारा पदेर, दोन्ही शब्द पोर्तुगीज आणि दोन्ही धंदे एकमेकांवर अवलंबून. पदेराच्या टोपलीत उंडे, कात्रे, कोंडा लावलेली पोई आणि बांगडीसारखं कांकण असायचं. पाव हे त्या सगळ्यांचं मिळून नाव.

या शब्दाचा आशियाभरचा माग ज्यांनी पहिल्यांदा नीट काढला ते गोव्याचेच. आसगावात १८५५ साली जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. कोकणी आईची भाषा, पोर्तुगीज शिक्षणाची आणि संस्कृत अभ्यासाची, अशी तिन्ही अंगं एकाच माणसात असल्यामुळे ते हे काम करू शकले. त्यांची आठवण आपल्याकडे फार कमी निघते, याचं वाईट वाटतं.

श्रीलंकेत पोर्तुगीज पोचले तिथं सिंहलीत पावाला ‘पान्’ म्हणतात, तिथल्या तमिळमध्ये ‘पाण्’. धून वाजवत गल्लीबोळांत पाव विकणाऱ्या रिक्षांना नाव आहे ‘चून पान’. जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज १५४३ साली उतरले, आणि जपानीत पावाला आजही ‘पान’च म्हणतात. लॅटिनचा जो ‘न’ पोर्तुगीजांनी गाळला तो या दोन बेटांवर परत उभा राहिला. त्याचं कारण साधं आहे. नाकातला जोडस्वर त्या भाषांकडे नव्हता, नाकातलं व्यंजन होतं. मराठीकडे ‘आव’ होता. प्रत्येकीनं घरात जे होतं ते वापरलं. जपानमधून तो कोरियात गेला आणि ‘प्पांग’ झाला. तोक्योच्या किमुराया बेकरीनं १८७४ साली अनपान बनवला, अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण भरलेला पाव, आणि तो आंबवायला तांदळाच्या साके मद्याचं विरजण वापरलं. गोव्यात सूर, जपानात साके. भट्टी नवी असली तरी आंबवण दोन्हीकडे तिथल्याच मातीतलं.

जपानीलाही आपल्यासारखीच अडचण आहे. ‘फुराइपान’ म्हणजे तव्यासारखं तळायचं भांडं, आणि त्यातला पान इंग्रजीतून आलेला. पावाच्या पानशी त्याचं नातं नाही. आणि मलेशिया-सिंगापूरला ‘पाउ’ ही पाटी पाहून ‘अरे, हा आपलाच’ असं वाटलं तर थांबावं. उकडलेल्या पांढऱ्या गोळ्याचा तो शब्द चिनी, होक्किएन बोलीतला; अर्थ गुंडाळणे. पोर्तुगीज मलाक्कात १५११ सालीच आले होते, तेव्हा मार्ग आणि काळ दोन्ही जुळतात, पण चिनीत हा शब्द त्याच्या फार आधीपासून त्याच अर्थानं आहे. मार्ग जुळला म्हणून नातं जुळत नाही.

लॅटिन पानिस च्या मागे अन्न घालणे, राखणे अशा अर्थाचा धातू असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर तोच धातू संस्कृतात ‘पा’, रक्षण करणे, म्हणून आहे; गोप आणि भूप यांतला ‘प’ त्याचाच. पायाच्या पाद ची लॅटिन भावंडं वेगळी आहेत. म्हणजे कितीही मागे गेलं तरी भागाचा पाव आणि खायचा पाव एका मुळाशी येत नाहीत. पानिस ची आणखी एक फांदी मात्र आपल्या दारात आली: एका पानिसमध्ये वाटेकरी असणारे ते कंपान्यो, सोबती, आणि त्यांची जमात ती कंपनी. मराठी माणूस ज्याला ‘कंपनी सरकार’ म्हणत होता त्याच्या नावात पाव होता.

इतका रुळलेला शब्द, तरी एका ठिकाणी तो आला नाही. ख्रिस्ती प्रार्थनेत पोर्तुगीज भाविक रोज ‘आमचा रोजचा पांव आज आम्हांला दे’ असं मागत. मराठीत ती ओळ करताना अनुवादकांनी ‘आमची रोजची भाकर’ लिहिलं. खुद्द गोव्यात, पदेराच्या गावात, कोकणी प्रार्थना ‘दिसपट्टो गिरास’ मागते: रोजचा घास, संस्कृत ग्रास. पाव तोवर विकत आणायची वस्तू होती, आणि रोज मागायचं ते घरात शिजणारं अन्न होतं.